तारखा आडव्या झाल्या त्याची गोष्ट

कारखान्याच्या फाटकावरच्या यंत्रावर कामगार बोट टेकवतो तेव्हा डेटाबेसमध्ये एक ओळ पडते: कामगाराचा क्रमांक, तारीख, वेळ. पुढचा आला की तिच्याखाली पुढची ओळ. २०० कामगारांचं युनिट असेल तर २६ दिवसांत येण्याच्या ५,२०० ओळी जमतात आणि जाण्याच्याही तितक्याच. पगार काढणाऱ्या क्लार्कला त्या ओळी तशाच्या तशा देऊन भागत नाही. त्याला मस्टर लागतं. डावीकडे नावं, वर १ ते ३१ तारखा, चौकोनात हजर की गैरहजर. शाळेचा हजेरीपट याच घडणीचा, रोजगार हमीच्या कामावरचं मस्टरही याच घडणीचं. उभ्या ओळींचं असं आडवं पत्रक करणाऱ्या क्वेरीला पिव्हट म्हणतात. वरच्या तारखा आधी ठाऊक नसतील, डेटा चाळून त्यातूनच काढायच्या असतील, तर ती डायनॅमिक पिव्हट.

डेटाबेसवर काम करणाऱ्याला ही क्वेरी कधी ना कधी लिहावीच लागते, आणि पहिल्या खेपेला बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. एक्सेलमध्ये जे माऊसने ओढून होतं, त्यासाठी इथे पानभर कोड का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुठल्या एका कंपनीच्या आळसात सापडत नाही. तारीख कागदावर कुठे ठेवायची, ओळीत की मथळ्यावर, हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूची पत्रकं छापली जात. कोणत्या पॅरिशमध्ये किती जण गेले, कशाने गेले, याची ती यादी असे. लोक ती विकत घेत, प्लेगचा अदमास घेत आणि विसरून जात. जॉन ग्रँट नावाच्या शिवणसामानाच्या व्यापाऱ्याने ती विसरू दिली नाहीत. १६६२ साली त्याने या पत्रकांवरचं आपलं पुस्तक काढलं आणि त्यात एक मोठा तक्ता दिला. मृत्यूची कारणं एकाखाली एक, आणि वर आडवी वर्षं: १६२९ ते १६३६ आणि १६४७ ते १६६०. शेजारी चार-चार वर्षांच्या बेरजाही. मुडदूस या रोगाचं नाव १६३४ च्या आधी पत्रकांत येतच नाही, हे ग्रँटच्या लक्षात आलं. शेकडो आठवड्यांच्या सुट्या कागदांत ही गोष्ट कुणाला दिसली नसती. वर्षं शेजारी-शेजारी बसवली की एका ओळीवर नजर आडवी फिरते आणि आकडा कुठे उगवला ते तिथल्या तिथे कळतं. तारखांवरून केलेली पिव्हट म्हणावी अशी माझ्या माहितीतली ही सर्वांत जुनी प्रसिद्ध कृती, आणि ती पूर्णपणे हाताने केलेली.

हाताचं काम यंत्राकडे गेलं ते १८९० च्या अमेरिकन जनगणनेत. हर्मन हॉलरिथच्या यंत्राने एका माणसामागे एक भोकांचं कार्ड धरलं आणि कार्डं मोजून तक्ते काढले. कार्ड हीच नोंद, तक्ता हा नंतरचा. ही विभागणी नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती मोडली. हॉलरिथच्या कंपनीतूनच विलीनीकरणं होत होत १९२४ मध्ये आयबीएम हे नाव पुढे आलं. पुढे फायलींवर काम करणाऱ्या कोबोल भाषेत 'ऑकर्स' हे कलम होतं. 'ऑकर्स १२ टाइम्स' लिहिलं की एका ग्राहकाच्या नोंदीतच बारा महिन्यांची बारा घरं तयार. नोंद आणि तक्ता एकच झाले. छापायला सोपं, वाचायला सोपं. पण तेरावा महिना आला की काय करायचं? नोंदीची लांबी बदलायची, फाइल नव्याने लिहायची, ती वाचणारे सगळे प्रोग्रॅम दुरुस्त करायचे.

इथे एडगर कॉड येतो. जन्माने इंग्लिश, शिक्षणाने गणिती, आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत कामाला. जून १९७० मध्ये त्याचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधाचा दबदबा एवढा की तो वाचण्याऐवजी लोक त्याला नमस्कार करून पुढे जातात. पण त्यातलं उदाहरण उघडून पाहावं. एक कर्मचारी आहे: क्रमांक, नाव, जन्मतारीख. त्याच्या नोंदीच्या पोटात नोकरीचा इतिहास आहे, कोणत्या तारखेपासून कोणतं पद. त्या इतिहासाच्या पोटात पगाराचा इतिहास, कोणत्या तारखेपासून किती पगार. शिवाय मुलं. कॉड हे पोटातलं सगळं बाहेर काढतो. पगाराच्या इतिहासाचं स्वतंत्र टेबल होतं: कर्मचारी क्रमांक, नोकरीची तारीख, पगाराची तारीख, पगार. तारीख आता नोंदीतल्या कप्प्याची जागा राहिली नाही, ती ओळीची ओळख झाली, किल्लीचा भाग झाली. पगार दहादा वाढला तर दहा ओळी, शंभरदा वाढला तर शंभर. टेबलाचा मथळा जसाच्या तसा.

मला हा निर्णय संगणकशास्त्रातल्या सर्वांत दूरदर्शी निर्णयांपैकी एक वाटतो. काळ पुढे सरकतो, डेटा वाढतो, आणि मथळा हलत नाही. कोणतीही तारीख आली तरी तिच्यासाठी जागा आहे, कारण तारीख ही आता मजकूर आहे, रचना नव्हे. पण याची किंमतही तिथेच मोजली गेली. ग्रँटच्या तक्त्यात नजर आडवी फिरत होती. कॉडच्या टेबलात तीच नजर उभी खाली उतरत राहते आणि दहाव्या ओळीला हरवते. कॉडने तारीख मथळ्यावरून खाली आणली. ती पुन्हा वर कशी न्यायची, याची खटपट त्यानंतर पन्नास वर्षं चालू आहे.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेने या कामात फारशी मदत केली नाही. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेत ओळींचे गट पाडणारं 'ग्रुप बाय' होतं, पण त्याचं उत्तरही उभंच. कामगार, महिना, बेरीज. कामगार, महिना, बेरीज. याला एक खोल कारण आहे. रिलेशनल मॉडेलमध्ये टेबलावर क्वेरी चालवली की उत्तरही टेबलच असतं, आणि टेबलाला मथळा लागतो. कोणते कॉलम येणार, त्यांचा प्रकार काय, हे क्वेरीचा मजकूर पाहूनच ठरलं पाहिजे, एकही ओळ वाचण्याआधी. त्याशिवाय तिच्यावर दुसरी क्वेरी रचता येत नाही, तिचा व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करता येत नाही, चालवण्याची योजना आखता येत नाही. डायनॅमिक पिव्हट याच्या नेमकं उलटं मागते: आधी ओळी वाच, मग मथळा ठरव.

दरम्यान दुसऱ्या घराण्यात हीच गोष्ट सहज घडून गेली. १९७९ च्या व्हिजिकॅल्कपासून स्प्रेडशीटला मथळा असा नव्हताच, सगळे चौकोन सारखे. लोटस कंपनीत पिटो सालासने पाहिलं की लोक चौकोनांत जे भरतात त्याला एक ठरावीक घडण असते: वर्षं, प्रदेश, वस्तू. त्या विचारातून १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकासाठी इम्प्रूव्ह हे स्प्रेडशीट आलं. त्यात प्रत्येक वर्गाची एक छोटी पाटी पडद्यावर असे. 'वर्ष' ही पाटी उचलून डावीकडून वर ठेवली की सगळा तक्ता वळे. व्यवसाय म्हणून इम्प्रूव्ह टिकलं नाही, कल्पना टिकली. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये पिव्हट टेबल आलं आणि हिशेबाच्या टेबलांवर जाऊन बसलं ते कायमचं.

डेटाबेसच्या घराण्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने धाडस केलं. त्याच्या एसक्यूएलमध्ये 'ट्रान्सफॉर्म' आणि 'पिव्हट' ही दोन कलमं होती. पिव्हटपुढे तारखेचा महिना लिहायचा, बस्स. महिने कोणते ते इंजिन स्वतः डेटा चाळून ठरवी. प्रमाण भाषेने जे नाकारलं ते इथे एका ओळीत मिळत होतं. एक गंमत मात्र होई: महिन्यांची इंग्रजी नावं अक्षरानुक्रमे लागत. आपल्याकडचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून पहिला कॉलम एप्रिल पाहून हिशेबनीस निश्चिंत होई. दुसरा ऑगस्ट निघे, तिसरा डिसेंबर, चौथा फेब्रुवारी. नावंच हवी असतील तर उपाय एकच, महिन्यांची यादी हाताने लिहून द्यायची. म्हणजे डायनॅमिकपण गेलंच. शिवाय ॲक्सेसच्या क्वेरीत २५५ पेक्षा जास्त कॉलम मावत नाहीत. वर्षभराचं रोजचं मस्टर तिथे बसतच नाही.

मोठ्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. ओरॅकलवाल्यांकडे किमतीनुसार वेगळं उत्तर देणारं 'डीकोड' फंक्शन होतं. सायबेस आणि मायक्रोसॉफ्टच्या ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलवाल्यांकडे तेही नव्हतं, आणि 'जर-तर' सांगणारं 'केस' हे कलम एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकात येऊनही सगळ्यांच्या हाती लगेच पडलं नाही. डेव्हिड रोझेनश्टाइन, अनातोली अब्रामोविच आणि यूजीन बर्गर यांनी १९९५ च्या पुस्तकात जी युक्ती सविस्तर मांडली, ती मी आजही शिकाऊ मुलांना फळ्यावर करून दाखवतो. मार्चची विक्री हवी आहे. महिन्याच्या आकड्यातून ३ वजा करा. मार्च असेल तर शून्य, नसेल तर दुसरं काहीतरी. आता चिन्ह सांगणारं फंक्शन लावा: उत्तर उणे एक, शून्य किंवा एक. उणे चिन्ह काढून टाका: शून्य किंवा एक. हे १ मधून वजा करा. मार्चच्या ओळीला १ उरला, बाकी सगळ्या ओळींना ०. याला रकमेने गुणा आणि बेरीज घ्या. फक्त मार्चची बेरीज हातात. अशी बारा सूत्रं शेजारी-शेजारी लिहिली की बारा कॉलम. एकही 'जर-तर' न लिहिता, टेबल एकदाच वाचून. नंतर 'केस' आल्यावर हे सूत्र अडगळीत गेलं, पण आजच्या प्रत्येक पिव्हटच्या पोटात तीच कल्पना आहे: प्रत्येक ओळीला प्रत्येक कॉलमसमोर उभं करायचं आणि एक किंवा शून्य म्हणायला लावायचं.

१९९६ हे वर्ष या कथेत महत्त्वाचं. जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'डेटा क्यूब'वरचा निबंध मांडला. क्रॉसटॅबसारखे आडवे-उभे तक्ते एसक्यूएलमध्ये काढणं किती जड जातं हे त्यांनी दाखवलं, पण एवढे कॉलम आणि त्यांची तसली नावं वाढवत नेण्याची कल्पना त्यांना मानवली नाही. त्यांनी बेरजासुद्धा ओळींतच ठेवल्या. म्हणजे कॉडचीच बाजू घेतली.

उलट बाजू त्याच वर्षी मुंबईत मांडली गेली. अतिविशाल डेटाबेसवरची बाविसावी आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर १९९६ मध्ये मुंबईत भरली. आयआयटी मुंबईचे नंदलाल सारडा तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांपैकी एक. तिथे लक्ष्मणन, सद्री आणि सुब्रमणियन यांनी 'स्कीमा-एसक्यूएल' मांडलं. त्यांचं उदाहरण साधं होतं. एका विद्यापीठाच्या टेबलात विभागाचं नाव ओळीतला मजकूर आहे, दुसऱ्यात तेच नाव कॉलमचा मथळा आहे, तिसऱ्यात प्रत्येक विभागाचं वेगळं टेबल आहे. माहिती एकच, ठेवण तीन तऱ्हांची. त्यांच्या भाषेत क्वेरीतलं चल कॉलमच्या नावांवरही फिरू शके, आणि उत्तराचा मथळा डेटावरून ठरू शके. ओळीतली तारीख मथळ्यावर नेण्याचा सरळ, सैद्धांतिक पायावर उभा रस्ता तो होता. बाजारातल्या कंपन्यांनी तो भाषेत घेतला नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते. पुढे लाखो लोकांनी मजकुराचे तुकडे चिकटवून जे केलं, त्याचं व्याकरण मुंबईतल्या त्या सभागृहात वाचून दाखवलं गेलं होतं.

कंपन्यांनी घेतला तो अर्धा रस्ता. मायक्रोसॉफ्टच्या तिघांनी २००४ च्या टोरांटो परिषदेत पिव्हट आणि अनपिव्हट या क्रिया इंजिनाच्या आत कशा राबवायच्या हे सांगितलं, आणि एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये 'पिव्हट' हे कलम आलं. ओरॅकलमध्ये ते ११जी आवृत्तीत, २००७ साली. पण कंसात कॉलमची यादी हाताने लिहायची. तिथे उपक्वेरी चालत नाही. ओरॅकलने एक फट ठेवली, उत्तर एक्सएमएलमध्ये घ्यायची तयारी असेल तर कोणतीही किंमत चालेल. म्हणजे मथळा ठरवायचं काम त्याने मजकुरात लपवलं. पोस्टग्रेसमध्ये २००२ पासून 'क्रॉसटॅब' फंक्शन आहे, त्यालाही उत्तराचे कॉलम आधी सांगावे लागतात.

विभाग, लिंग, इयत्ता यांच्यासाठी ही यादी पुरते. ती वर्षानुवर्षं बदलत नाही. तारखेचं तसं नाही. तारीख रोज नवी येते, आणि हाताने लिहिलेली तारखांची यादी दुसऱ्या दिवशी शिळी होते. जुन्या प्रणालींत '२००३, २००४, २००५' असे कॉलम असलेल्या क्वेरी मी पाहिल्या आहेत. त्या बिनचूक चालत होत्या, फक्त २००६ ची विक्री त्यांना दिसत नव्हती. चूक दाखवणारा कुठलाही संदेश नाही. म्हणून तारखेसाठी लोकांनी दुसरी वाट धरली: क्वेरी लिहिणारी क्वेरी.

तिचे टप्पे एसक्यूएल सर्व्हरमध्ये, मस्टरवरच पाहू. पहिली फेरी: त्या महिन्यातल्या वेगवेगळ्या तारखा काढायच्या. इथेच पहिला खड्डा. तारखेच्या कॉलममध्ये वेळही असेल तर ९ वाजून २ मिनिटं आणि ९ वाजून ५ मिनिटं या दोन वेगळ्या किमती होतात, आणि मस्टरवर दिवसाऐवजी प्रत्येक बोटाचा स्वतंत्र कॉलम उगवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसती तारीख ठेवणारा प्रकार २००८ मध्ये आला. त्याआधी वेळ छाटून टाकावी लागे. दुसरी फेरी: या तारखा चौकोनी कंसात घालून स्वल्पविरामाने जोडायच्या. हे जोडणं बरीच वर्षं एक्सएमएलच्या आडवाटेने केलं जाई. २०१७ च्या आवृत्तीत त्यासाठी सरळ फंक्शन मिळालं. प्रत्यक्षात अशा याद्या दोन लागतात. एक पिव्हटच्या कंसात, दुसरी बाहेरच्या सिलेक्टमध्ये, कारण ज्या चौकोनात नोंदच नाही तिथे 'नल' (किंमत नसल्याची खूण) येतो आणि क्लार्कला तिथे 'गै' हवं असतं. ते प्रत्येक कॉलमसाठी वेगळं लिहावं लागतं. तिसरी फेरी: सगळा मजकूर एकत्र करून तो क्वेरी म्हणून चालवायचा.

मजकूर जोडून क्वेरी बनवणं धोक्याचं असतं. तारखेच्या जागी साइटचं नाव कॉलम झालं आणि त्या नावात कुणी मुद्दाम कंस घालून पुढे आज्ञा लिहिली, तर ती आज्ञा चालते. म्हणून 'कोटनेम' फंक्शनशिवाय एकही नाव जोडू नये, तारीख असली तरीही. मायएसक्यूएलमध्ये वेगळाच सापळा. तिथे यादी जोडणाऱ्या फंक्शनची मूळ मर्यादा १,०२४ बाइटची. महिन्याची 'केस' सूत्रं जोडू लागलं की दहा-पंधरा दिवसांत ती भरते आणि उरलेला मजकूर कापला जातो. मग क्वेरी मध्येच तुटून चूक दाखवते, आणि माणूस तासभर कंस मोजत बसतो. उपाय एका ओळीचा आहे, मर्यादा वाढवायची, पण तो ठाऊक असावा लागतो.

आणखी एक गोष्ट. रविवारी कुणीच आलं नाही तर रविवारची एकही ओळ नाही, मग मस्टरवर रविवारचा कॉलमही नाही. ७ नंतर थेट ९ तारीख. डेटा सांगतो काय घडलं. काय घडलं नाही ते तो सांगू शकत नाही. म्हणून तारखा हजेरीच्या टेबलातून न काढता कॅलेंडरच्या वेगळ्या टेबलातून काढायच्या. त्यात प्रत्येक दिवसाची एक ओळ, शेजारी वार, सुट्टी, आर्थिक वर्ष. डेटा वेअरहाउसच्या जगात राल्फ किंबॉलच्या पुस्तकाने १९९६ पासून हेच शिकवलं. अशा टेबलाने क्रमाचा प्रश्नही सुटतो, कारण क्रम खऱ्या तारखेचा लागतो, तिच्या नावाचा नाही. नाव द्यायचंच तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावं. मजकूर म्हणून लावलं तरी ते योग्यच लागतं.

आणि तरीही काळाला शेवट नाही, कॉलमना आहे. पोस्टग्रेसच्या एका टेबलात जास्तीत जास्त १,६०० कॉलम, म्हणजे रोजचा एक धरला तर साडेचार वर्षंही नाहीत. एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या टेबलात १,०२४, म्हणजे तीन वर्षंसुद्धा पुरी होत नाहीत. म्हणून पिव्हट केलेलं उत्तर टेबल म्हणून साठवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ओळीत साठवावं, आडवं शेवटच्या क्षणी करावं, वाचणाऱ्याच्या अगदी जवळ. पोस्टग्रेसने २०१६ मध्ये हेच तत्त्व उचललं: 'क्रॉसटॅबव्ह्यू' ही आज्ञा सर्व्हरमध्ये नाही, पडद्यावर उत्तर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

अलीकडे पुन्हा धाडस सुरू झालं आहे. स्नोफ्लेकच्या पिव्हटमध्ये आता यादीऐवजी 'एनी', म्हणजे 'कोणतीही किंमत', चालतं. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत जन्मलेल्या डकडीबीमध्ये पिव्हटपुढे तारखेचा कॉलम लिहिला की तारखा आपोआप वर जातात, ॲक्सेसमध्ये जात तशाच. आत मात्र तेच दोन फेऱ्यांचं काम चालतं: आधी वेगवेगळ्या किमतींची यादी बांधली जाते, मग तिच्यावरून खरी क्वेरी चालते. आणि हीच क्वेरी व्ह्यू म्हणून साठवायला गेलं की डकडीबी नकार देतं. डेटातून काढलेले कॉलम व्ह्यूमध्ये चालणार नाहीत, यादी हाताने द्या, असं सांगतं. व्ह्यूचा मथळा उद्याही आजचाच असायला हवा, कारण त्याच्यावर दुसऱ्या क्वेरी उभ्या राहणार असतात. कॉडची १९७० ची अट तिथे अजून लागू आहे.